ट्रेलरची जागल

ऊस वाहतुकीच्या ट्रेलरला इंजिन नसते, किल्ली नसते, दार नसते, आणि म्हणून मोटारगाडीच्या चोराला ज्या अडथळ्यांशी झगडावे लागते त्यांपैकी एकही ट्रेलरच्या चोरापुढे उभा राहत नाही. ट्रेलरच्या पुढच्या दांडीच्या टोकाशी जाड लोखंडाची कडी असते. ती ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात आणून वरून अंगठ्याहून जाड पिन सोडली आणि पिनेच्या खालच्या भोकात क्लिप अडकवली की जोडणी पूर्ण होते, आणि सरावलेल्या हाताला एवढ्या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. कोणत्याही ट्रॅक्टरला कोणताही ट्रेलर जोडता यावा अशीच ही रचना मुद्दाम ठेवलेली आहे, कारण ऐन हंगामात एखादा ट्रॅक्टर बंद पडला तर भरलेले ट्रेलर दुसऱ्याने ओढून काट्यावर न्यावे लागतात. हा मोकळेपणा वाहतुकीचा प्राण आहे, आणि चोराच्या पथ्यावर पडतो तोही हाच.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या पट्ट्यात गाळप हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. उरलेले अर्धे वर्ष ट्रेलर वस्तीवर, विहिरीपाशी, गॅरेजच्या मागे किंवा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत उभे असतात. या मुक्कामात त्यांच्याकडे आठवडेच्या आठवडे कोणी पाहत नाही, आणि एखादा ट्रेलर जागेवरून गेला तर तो नेमका कोणत्या रात्री गेला हेही घरात कोणाला सांगता येत नाही. हंगामातली भीती निराळी असते, कारण तेव्हा केन यार्डात एकाच रंगाचे, एकाच घडणीचे शेकडो ट्रेलर नंबर लावून उभे असतात आणि त्यांतला एक रिकामा जोड कोणी घेऊन गेला तर बघणाऱ्याला त्यात वावगे असे काहीच दिसत नाही. वाहतूकदाराच्या दृष्टीने ही हानी लोखंडाच्या किमतीवर थांबत नाही. त्याने कारखान्याशी करार केलेला असतो, तोडणी टोळीच्या मुकादमाला उचल दिलेली असते, बँकेचा किंवा पतसंस्थेचा हप्ता चालू असतो, आणि या तिन्ही बांधिलक्या ट्रेलर नसताना जशाच्या तशा उभ्या राहतात. ट्रेलरच्या चोरीला किरकोळ मालाची चोरी समजणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

अशा चोरीवर नजर ठेवणारी यंत्रे ज्या जीपीएसच्या आधारे चालतात, ते म्हणजे पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अमेरिकी उपग्रहांची रचना. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि आपल्या अणुघड्याळातली वेळ अखंड सांगत असतो. हा संकेत जमिनीवर पोहोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो आणि या विलंबावरून उपग्रहाचे अंतर काढता येते. तीन उपग्रहांची अंतरे जागा ठरवायला खरे तर पुरली असती, परंतु संकेत घेणाऱ्या यंत्रातले घड्याळ साधे असते, आणि घड्याळात एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते, म्हणून ती चूक शोधून काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतात जाणूनबुजून अशुद्धता मिसळत असे आणि त्यामुळे जागा शंभरेक मीटरने हुकू शकत असे. ती अशुद्धता काढून घेतल्यानंतरच एखादा ट्रेलर रस्त्याच्या अलीकडच्या वस्तीवर आहे की पलीकडच्या, हे सांगणे शक्य झाले. आता भारताच्या नाविक या सात उपग्रहांसाठी आखलेल्या रचनेचे संकेतही अनेक यंत्रे घेतात. बस आणि टॅक्सी यांसारख्या प्रवासी वाहनांवरच्या अशा यंत्रांसाठी एआयएस-१४० नावाचे मानक शासनाने लागू केले आहे; उसाच्या ट्रेलरवर मात्र अशी सक्ती नाही. यंत्र बसवायचे की नाही, कोणते बसवायचे आणि ते कसे राखायचे हे सारे मालक आणि बसवणारा कारागीर यांच्या समजुतीवर सोडलेले आहे.

उपग्रहाला ट्रेलर दिसत नसतो, हा मुद्दा मालकाला पहिल्याच भेटीत समजावून सांगावा लागतो. उपग्रह फक्त बोलतो आणि यंत्र फक्त ऐकते. ऐकून काढलेली जागा मालकाच्या फोनपर्यंत पोहोचवण्याचे काम यंत्रातले सिमकार्ड मोबाइलच्या टॉवरमार्फत करते. जागा काढणे आणि ती कळवणे अशी दोन्ही कामे करणाऱ्या या यंत्राला बाजारात ट्रॅकर म्हणतात. ट्रॅक्टरवर बसवलेल्या ट्रॅकरला ट्रॅक्टरची बॅटरी वीज पुरवते, त्यामुळे तो दर अर्ध्या मिनिटाला बोलत राहिला तरी बिघडत नाही. ट्रेलरला स्वतःची वीज नाही, आणि चोरीचा धोका तर तो ट्रॅक्टरपासून सुटून उभा असतानाच सर्वांत मोठा असतो. ट्रॅक्टरसाठी बनवलेले यंत्र ट्रेलरवर बसवून मोकळे होणाऱ्यांची गफलत इथेच होते.

म्हणून या कारागिरीचा बराचसा भाग हा वीज जपण्याचा हिशेब आहे, आणि तो एकदा आकड्यांत मांडलेला बरा. समजा, ट्रॅकरमध्ये १०,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आहे, म्हणजे १०० मिलिअँपिअर प्रवाह ती शंभर तास देऊ शकते. आणि समजा, यंत्र जागे होऊन, उपग्रह शोधून, निरोप पाठवून पुन्हा निजेपर्यंत दोन मिनिटे १०० मिलिअँपिअर प्रवाह घेते. एका निरोपाला साडेतीन मिलिअँपिअर-तासांच्या आत खर्च येतो. दर दहा मिनिटांनी निरोप मागितला तर दिवसाचे १४४ निरोप होतात आणि बॅटरी तीन आठवड्यांत रिती होते. दिवसातून एकच निरोप मागितला तर, निजलेल्या यंत्राचा किरकोळ खर्च धरूनही, तीच बॅटरी कागदावर चार वर्षांहून अधिक पुरते. प्रत्यक्षात वैशाखाच्या उन्हात तापलेले लोखंड, टॉवरची कमजोर पकड आणि बॅटरीची आपोआप होणारी झीज यांमुळे कागदावरच्या आयुष्याचे निम्मे मिळाले तरी ते चांगलेच समजावे.

दिवसातून एकदाच बोलणारे यंत्र रात्री दोन वाजता ट्रेलर हलला तर काय करील, ही मालकाची शंका रास्त असते. तिचे उत्तर यंत्रातल्या हालचाल ओळखणाऱ्या छोट्या चिपमध्ये आहे. ही चिप जवळजवळ काहीही वीज न घेता जागी राहते आणि धक्का लागताच बाकीच्या यंत्राला उठवते; एकदा उठलेले यंत्र मग वीज न जपता दर मिनिटाला निरोप देऊ लागते. मात्र उठल्याबरोबर त्याला जागा सांगता येत नाही, कारण प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती ऐकायला मोकळ्या आकाशाखालीही साधारण अर्धे मिनिट जाते. तेवढ्यात ट्रेलर वस्तीच्या फाट्यापर्यंतही गेलेला नसतो.

दुसरा आधार आहे तो जिओफेन्सचा, म्हणजे नकाशावर आखलेल्या न दिसणाऱ्या कुंपणाचा. ट्रेलर ते ओलांडून गेला की फोन वाजतो. नवखा माणूस हे कुंपण वीस मीटरचे आखतो आणि आठवड्याभरात वैतागून सूचना बंद करून टाकतो, कारण पत्र्याच्या शेडखाली किंवा दाट आंब्याच्या छायेत उभ्या असलेल्या ट्रेलरची जागा तो तसूभर न हलताही नकाशावर पन्नास मीटर इकडेतिकडे उडी मारत असते. भिंतीवरून किंवा पत्र्यावरून परतून आलेला संकेत लांबचा प्रवास करून येतो आणि यंत्राची फसगत होते. शंभर ते दीडशे मीटरचे कुंपण आणि त्याच्या जोडीला चिपने दिलेली हालचालीची साक्ष, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच फोन वाजावा, अशी मांडणी अनुभवान्ती टिकते. खोट्या हाका वारंवार येऊ लागल्या की माणूस खऱ्या हाकेलाही उठत नाही. शेतात जागल करणाऱ्या माणसाला, म्हणजे रात्रभर पिकाची राखण करणाऱ्याला, रानडुकराची चाहूल आणि वाऱ्याने हललेले पान यांतला फरक कानाने कळतो; ट्रॅकरला तो कान बसवणाऱ्याने द्यायचा असतो.

हा कान देण्यासाठी ट्रेलरचा दिनक्रम विचारून घ्यावा लागतो, आणि कामाचा खरा गाभा इथे आहे. मालकाचा चुलतभाऊ पहाटे न विचारता ट्रेलर शेणखत आणायला नेतो का, गावच्या जत्रेच्या दिवसांत तो देवळापाशी जातो का, वीटभट्टीवाला पावसाळ्याआधी मागून नेतो का, कारखान्याच्या यार्डात रात्र काढताना तो रांगेतून किती वेळा पुढे सरकतो, याची उत्तरे कोणत्याही यंत्रात आधीपासून भरलेली नसतात. ट्रॅकर फक्त ठिकाण सांगतो. ते ठिकाण या घटकेला चुकीचे आहे हे ज्याला ट्रेलरची सवय माहीत आहे त्यालाच कळते. गावात वस्तू मागून नेण्याची रीत आहे आणि ती मोडावी असे कोणालाही वाटू नये. म्हणूनच न विचारता नेणाऱ्या नातलगाचा फोन नंबरही सूचनेच्या यादीत घालणे शहाणपणाचे ठरते, म्हणजे मध्यरात्री संशयाने भांडण पेटण्याऐवजी एका फोनवर उलगडा होतो.

जागा निवडताना लोखंडाशी गाठ असते. उपग्रहातून निघतानाच संकेताची शक्ती घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी असते आणि वीस हजार किलोमीटर पसरत आल्यावर ती इतकी क्षीण होते की लोखंडी चॅनेलच्या पोकळीत ती शिरत नाही. यंत्राला आकाश हवे असते आणि चोराच्या नजरेपासून आडही राहायचे असते; या दोन विरुद्ध गरजांमधून प्रत्येक ट्रेलरपुरती वेगळी वाट काढावी लागते, आणि ती जागा मालकाखेरीज कोणाला न सांगणे हा या व्यवसायातला अलिखित नियम आहे. काही कारागीर एक यंत्र सहज दिसेल असे, वायर लोंबत ठेवून बसवतात आणि दुसरे खोल दडवतात. पहिले उपटून फेकल्यावर चोर निर्धास्त होतो आणि दुसरे बोलत राहते. खर्च परवडत असेल तर ही युक्ती निःसंशय चांगली आहे. हंगाम संपल्यावर ट्रेलरच्या फाळक्या आणि सांधे वेल्डिंग करून घेतले जातात. त्या वेळी यंत्र काढून ठेवले नाही तर वेल्डिंगचा प्रवाह त्यातून वाट शोधतो आणि ते जळते. ही गोष्ट गॅरेजवाल्याला सांगायची राहून जाते, आणि मग यंत्र कुचकामी होते असा बोभाटा होतो.

सर्वांत जास्त ट्रॅकर मात्र चोरांमुळे किंवा वेल्डिंगमुळे मुके होत नाहीत, ते सिमकार्डाची मुदत संपल्यामुळे होतात. यंत्रांसाठीची सिमकार्डे तेरा अंकी क्रमांकाची असतात, त्यांच्यावर मालक कधी बोलत नाही, त्यामुळे त्यांची मुदत त्याच्या ध्यानात राहत नाही आणि ती बहुधा पावसाळ्यातच, म्हणजे ट्रेलर बेवारशासारखा उभा असताना, गुपचूप संपते. यावर उपाय म्हणजे निरोप न येण्यालाच निरोप मानणे. ठरल्या वेळी दिवसाचा निरोप आला नाही तर मालकाचा फोन वाजला पाहिजे. संकेत दाबून टाकणाऱ्या जॅमर नावाच्या उपकरणावरही, जे परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे, हाच तोडगा चालतो, कारण जॅमर यंत्राचा आवाज बंद करू शकतो, पण यंत्र गप्प झाले ही गोष्ट त्याला लपवता येत नाही.

ट्रेलर खरोखरच गेला, तर पहिल्या काही तासांना फार मोल असते. पुढे चॅसी नंबर घासला जातो, रंग बदलतो, किंवा ट्रेलर कापून भंगारात जातो, आणि मग नकाशावरचा ठिपका एखाद्या गोदामापाशी थांबलेला दिसला तरी ओळख पटवणे अवघड होते. ठिपका दिसताच चार जणांना घेऊन स्वतःच मागे धावण्याचा मोह मालकाला होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. ११२ वर फोन करून ठिकाण पोलिसांना दाखवणे आणि ठाण्यात नोंदणीची कागदपत्रे, चॅसी नंबरचा जवळून काढलेला फोटो आणि फाळक्यांवरच्या खुणांचे फोटो हजर करणे, हा मार्ग संथ वाटला तरी तोच धरावा. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदला जातो, आणि ट्रॅकरची नोंद न्यायालयात पुरावा म्हणून मांडायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात फाइलीचा हॅश, म्हणजे तीत एक अक्षर बदलले तरी पूर्ण बदलून जाणारी सांकेतिक संख्या, नमूद करायची असते. फोनच्या पडद्याचा नुसता फोटो त्यासाठी पुरत नाही, म्हणून मूळ नोंदी किती दिवस जपल्या जातात हे यंत्र विकत घेतानाच विचारून ठेवावे.

ट्रेलरवरचे यंत्र ट्रेलर ओढणाऱ्या ड्रायव्हरचीही वाट नोंदवते, हे विसरून चालणार नाही. जो माणूस रात्री तीन वाजता थंडीत यार्डातल्या रांगेत ट्रेलरच्या आडोशाला झोपतो, त्याला न सांगता त्याच्या प्रत्येक थांब्याचा हिशेब ठेवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, आणि त्याला विश्वासात घेतले तर तोच त्या ट्रेलरचा सर्वांत जागरूक राखणदार ठरतो.

खंडेनवमीला ट्रॅक्टर आणि ट्रेलर धुऊन, हळद-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा केली जाते, आणि हंगाम अगदी तोंडावर आलेला असल्यामुळे वर्षाची तपासणी करायला याहून योग्य दिवस सापडत नाही. सिमकार्डाची मुदत वहीत लिहून घ्यावी, बॅटरीचा आकडा पाहावा, वाढलेल्या फांद्या यंत्रावर आल्या असतील तर छाटाव्यात. मग नारळ फुटल्यावर कोणालाही न सांगता शेजारच्याच्या ट्रॅक्टरला ट्रेलर जोडून तो कुंपणाच्या पलीकडे, दोनशे पावले दूर नेऊन उभा करावा, आणि अंगणात प्रसाद वाटणाऱ्या मालकाच्या खिशातला फोन किती मिनिटांनी वाजतो ते घड्याळ लावून पाहावे.