मार्फत ९९ ए.पी.ओ.

लढाईवरचा जवान घरी एक पत्र लिहायचा आणि मित्राला दुसरं. घरच्या पत्रात सगळं क्षेमकुशल. खरं काय ते मित्राला. १९७१ साली, बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी, अशी मित्राला लिहिलेली पत्रं आमच्या बेंगळुरूच्या घरी येत.

शहाजीराजांना १६३८ मध्ये इथली जहागीर मिळाली, तेव्हापासून या शहरात मराठी घरं आहेत. आमचं त्यांतलंच एक, बळेपेटेतलं. वडील मात्र शिकले आजोळी, बेळगावात. तिथला त्यांचा जिवलग पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला, पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

काकांच्या पत्त्यात गाव नसे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ९९ ए.पी.ओ.’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पूर्वेकडच्या फौजेचं टपाल याच पत्त्यावर जायचं, इतरांचं ५६ ए.पी.ओ.वर. शिक्क्यावरही फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा आणि तारीख, एवढंच. नोव्हेंबरच्या मध्यापासून इथून पत्र टाकताना वर ५ पैशांचं शरणार्थी साहाय्याचं तिकीट लावावं लागे. ते चिकटवायचं काम माझं. डिसेंबरात रेडिओवर आजच्या बांगलादेशातल्या जामालपूरचं नाव आलं. ११ तारखेला ते पडलं, आणि जंगी पलटण तिथेच लढली होती. काका धड आहेत का, हे विचारायला ना त्यांच्या घरी फोन होता, ना आमच्या. पत्र आलं ते लढाई संपल्यावर.

ते पत्र वडिलांनी आम्हाला वाचू दिलं नाही. त्यांच्या पश्चात मी ते उघडलं. बॉलपेनची शाई ओल लागून पसरलेली, मजकूर घडीच्या कडेपर्यंत दाटून लिहिलेला. ओल्या बुटांनी पायांची सालं गेली होती, जोडीदार शेजारीच पडला होता, डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याच दमात घरावरची कौलं, बहिणीच्या लग्नाचं कर्ज आणि सावकाराकडे जाऊन येण्याची विनंती. खाली बजावलेलं होतं की यातलं अक्षरही घरी कळू द्यायचं नाही. वडिलांनी ते पाळलं. अशी मैत्री मी पुढे फार कमी पाहिली.

आता आमच्या शेजारणीचा मुलगा सैन्यात आहे. रेंज मिळाली की तो व्हिडिओ कॉल करतो, माउली त्याचा चेहरा पाहून निवांत झोपते. हे सुख फार मोठं आहे आणि जुन्या काळाच्या प्रेमापोटी ते कुणी कमी लेखू नये. बंधनं तेव्हा होती, आजही आहेत. जुलै २०२० मध्ये लष्कराने फेसबुक-इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप जवानांना फोनमधून काढायला लावली. पण मला चुटपुट लागते ती मित्राच्या पत्राची. समोर आईचा चेहरा असताना कोणता मुलगा खरं सांगेल? मित्राला एक फोटो जातो, वर अंगठा येतो, आणि फोन बदलला की तेही जातं. मन मोकळं करायला जो निवांतपणा आणि जो कागद लागे, तो या धावपळीत हरवला आहे.

पण कागदही जपला तरच राहतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या जवानांची पत्रं इंग्रज सेन्सॉर उघडून वाचत असे. त्याने इंग्रजीत करून ठेवलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्या जवानांचं मन आपल्याला कळतं ते बहुतेक त्या उताऱ्यांतून. गावोगावी पोहोचलेली मूळ पत्रं वाळवीने, पावसाने आणि रद्दीवाल्याने नेली.

म्हणून सांगते, तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत ५६ किंवा ९९ ए.पी.ओ.चा पत्ता असलेलं एखादं पाकीट असेल, तर ते आधी खाली काढा. घरात कुणी जाणतं असेल तर त्यांना विचारून लिहिणाऱ्याचं नाव, पलटण आणि साल वेगळ्या कागदावर टिपून सोबत ठेवा. हे सांगू शकणारी, १९७१ साली जाणती असलेली माणसं आता सत्तरी ओलांडलेली आहेत.