मधला टप्पा

भिलाईला मी एका सत्रापुरती अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा येथे आपल्याच विषयातले काही नवे शिकायला मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. शिकवायला आलेल्या माणसाच्या मनात एवढा उद्दामपणा असतोच. मी राहते ते घर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका वैदर्भीय विद्युत-अभियंत्याचे आहे. सेक्टरमधले जुने क्वार्टर, पुढे आंबा, मागे पत्र्याची पडवी. काकांचा नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या पडवीत तो कित्येक महिने टेस्ला कॉइल करीत होता.

निकोला टेस्लाने १८९१ साली मांडलेली ही रचना तत्त्वतः साधी आहे. थोड्या वेढ्यांचे एक प्राथमिक वेटोळे, त्याच्या मधोमध उभ्या नळीवर बारीक तारेचे हजारभर वेढे असलेले दुय्यम वेटोळे, आणि माथ्यावर धातूचे गुळगुळीत कडे. या दुय्यम वेटोळ्याची स्वतःची अशी एक वारंवारता असते. नेमक्या त्याच वारंवारतेने त्याला झुलवीत राहिले की ऊर्जा साठत जाते आणि माथ्यावरून ठिणगी हवेत झेपावते. झोपाळ्यावरच्या मुलाला योग्य क्षणी हलकासा झोका द्यावा, तसे हे आहे. पदार्थविज्ञान याला अनुस्पंदन म्हणते. ध्वनिविचारातला घंटेच्या अनुरणनाचा दृष्टांत ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. टेस्लाच्या काळी हा झोका ठिणगीच्या फटीतून दिला जाई. आजचे बरेच हौशी लोक तो ट्रान्झिस्टरने देतात, आणि तेथूनच त्यांच्या दुःखाला सुरुवात होते.

पहिल्याच आठवड्यात एका रात्री पडवीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि घरातले दिवे गेले. काका जागचे हललेही नाहीत. "गेले. जोडीनंच जातात ते," एवढेच म्हणाले. मी धावत गेले. मेणबत्तीच्या उजेडात दोन काळे चौकोनी तुकडे पडले होते. एकाचा टवका उडून आतले तांबे दिसत होते. "मावशी, ही चौथी जोडी," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता. एका जोडीला त्याचा आठवड्याचा खर्च लागे.

मी कारण विचारले आणि त्याने मला कागद-पेन्सिल घेऊन समोर बसवले. घरातली २३० व्होल्टची वीज एकदिश केली की सुमारे ३२५ व्होल्टचा दाब मिळतो. त्यावर दोन ट्रान्झिस्टर, एक वर आणि एक खाली, आळीपाळीने उघडायचे आणि मिटायचे. त्याच्या कॉइलची वारंवारता २५० किलोहर्ट्झ होती. म्हणजे सेकंदाला अडीच लाख आवर्तने, आणि अर्ध्या आवर्तनाला अवघे २ मायक्रोसेकंद. या अवधीत एकाने पुरते मिटावे आणि मगच दुसऱ्याने उघडावे. क्षणभर दोघेही उघडे राहिले, तर वीज वरून खाली सरळ कोसळते आणि दोघेही जातात.

ही उघडझाप ट्रान्झिस्टरच्या गेटकडून होते. मॉस्फेट जातीच्या ट्रान्झिस्टरचे गेट ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराने बाकीच्या अंगापासून अलग केलेले असते. एकदा भरले की त्याला प्रवाह जवळजवळ लागत नाही. म्हणून नवशिक्याला वाटते, हे तर फुंकरीने उघडणारे दार आहे. खरी गोष्ट अशी की ते दार नसून हौद आहे. मुलगा वापरीत होता त्या ट्रान्झिस्टरचे गेट पुरते भरायला २१० नॅनोकुलोंबपर्यंत विद्युतभार लागतो. आज्ञा देणारी छोटी चिप २० मिलिअँपिअर प्रवाह देऊ शकत असेल, तर हा हौद भरायला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतील. आणि हाताशी वेळ आहे २ मायक्रोसेकंदांचा. परिणामी ट्रान्झिस्टर धड उघडत नाही, धड मिटत नाही. पूर्ण उघडा ट्रान्झिस्टर फारसा तापत नाही, पूर्ण मिटलेला तर मुळीच नाही. अर्धवट उघडा असताना मात्र दाब आणि प्रवाह दोन्ही त्याच्याच अंगावर येतात, आणि तो जळतो.

म्हणून आज्ञा देणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये एक तिसरा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याने स्वतःचे काही सांगायचे नसते. आलेली आज्ञा जशीच्या तशी, पण ताकदीनिशी पोहोचवायची असते. २१० नॅनोकुलोंब ५० नॅनोसेकंदांत द्यायचे तर क्षणभर ४ अँपिअर प्रवाह लागतो, आणि तेवढाच भार पुन्हा उपसूनही घ्यावा लागतो. ऑसिलोस्कोपवर मुलाने मला गेटची रेषा दाखवली. ती झरझर चढते, मध्येच थबकते, सपाट चालते, मग पुन्हा चढते. त्या सपाट पायरीवर ड्रेनचा दाब कोसळत असतो आणि ड्रायव्हरने ओतलेला जवळजवळ सगळा भार त्या उलथापालथीत खर्ची पडतो. तेथे जो ड्रायव्हर कमी पडला तो कायमचा कमी पडला.

वरच्या ट्रान्झिस्टरची अडचण आणखी निराळी. त्याच्या पायाखालची भूमीच दर आवर्तनाला शेकडो व्होल्टांनी वरखाली होत असते. तेव्हा त्याच्या गेटपर्यंत आज्ञा न्यायची ती फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून. पलीकडच्या तारेला अलीकडची तार कोठेही जोडलेली नसते. यातून स्थिर असे काहीच पार जात नाही. बदल तेवढा पलीकडे उमटतो. मुलाने प्रथम तिन्ही तारा कड्यावर लांबलांब गुंडाळल्या होत्या, म्हणून पलीकडचा आकार विस्कटत होता. काकांनी त्याला त्या एकत्र पिळून मग गुंडाळायला लावले. शिवाय गेटच्या वाटेत काही ओहमांचा रोध आणि त्याला समांतर डायोड घातला. त्यामुळे उघडणे किंचित सावकाश आणि मिटणे चटकन होऊ लागले. तेवढ्या फरकाने दोघांच्या मध्ये एक निवांत फट पडली.

त्या दिवसांत मी एका व्याख्यानाची टिपणे काढीत होते. विषय होता या मुलखातली भाषांतरे. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक. दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले ते त्यांनीच. येथून जवळच्या राजनांदगावला गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत होते. ते हिंदीत लिहीत, त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत. आणि खुद्द भिलाईच्या कारखान्यात, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले त्या काळात, रशियन तंत्रज्ञ आणि येथले लोक यांच्यामध्ये दुभाषे उभे असत. मी मुलाला म्हणाले, "तुझा ड्रायव्हर म्हणजे आमचा अनुवादक." तो हसला नाही. "पण मावशी, ड्रायव्हर तापतो. त्याला हवा लागते, जागा लागते. तेवढं तुम्ही लोक देता का त्याला?"

प्रश्न त्याने सहज विचारला असेल. मला उत्तर देता आले नाही, त्याचे कारण येथे लिहिले पाहिजे.

माझा प्रबंध मराठी आणि ओडिया ग्रामीण कादंबऱ्यांच्या तुलनेवर होता. ओडिया लिपी मी शिकले होते, भाषा अर्धीच येत होती. सीमेवरच्या एका गावातल्या निवृत्त शाळामास्तरांनी एका कादंबरीचा हिंदी अनुवाद माझ्यासाठी सहा वह्यांत लिहून दिला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. समासात त्यांनी पेन्सिलीने पर्यायी शब्द लिहिले होते आणि एखादा शब्द हिंदीत का कोरडा पडतो याची कारणे दिली होती. त्यांतल्या एका टिपेवर माझे तिसरे प्रकरण उभे आहे. तज्ज्ञांनी त्या प्रकरणाची वाखाणणी केली, ती मी माझ्या सूक्ष्म वाचनाची म्हणून स्वीकारली. प्रबंधात मास्तरांचे आभार एका ओळीत होते. पुस्तक निघताना पाने कमी करायची होती. ते पान मी स्वतःच काढले. पुस्तक पोहोचल्यावर त्यांचे एक पोस्टकार्ड आले. पुस्तक आवडल्याचे लिहून त्यांनी एका गावाच्या नावातली छपाईची चूक दाखवली होती. आपल्या नावाविषयी त्यांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. दोन वर्षांनी ते गेले. त्या पोस्टकार्डाला मी उत्तर दिले नव्हते.

डिसेंबरात एका रात्री कॉइल चालली. काकांच्या शिस्तीप्रमाणे सगळे दूर उभे, मोबाइल घरात, मुलाचा एक हात खिशात. माथ्यावरून हातभर लांबीची जांभळी ठिणगी निघाली आणि करकरत हवेत फाटली. शेजारची मुले ओरडली. सगळे ठिणगीकडे पाहत होते. मुलगा ऑसिलोस्कोपवरच्या रेषेकडे पाहत होता. वीज तोडून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, त्याने प्रथम ड्रायव्हरच्या आठ पायांच्या चिपवर बोट ठेवले. "कोमट आहे," तो आजोबांना म्हणाला.

माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची आहे. मास्तरांच्या मुलाला मी पत्र लिहिले आहे आणि वह्या घरून मागवून घेतल्या आहेत. शीर्षकपृष्ठाच्या कच्च्या मजकुरात आता दोन नावे आहेत. तिसऱ्या प्रकरणाला मात्र अजून हात लावलेला नाही. त्यातले कोणते वाक्य त्यांचे आणि कोणते माझे, हे आधी ओळीओळीने ताडून पाहावे लागणार आहे.