दोन मिनिटांचं अंतर

देवासला जायचं ठरलं ते खरं तर एका भांडणामुळे.

मी आणि माझा एक मित्र, दोघेही डांबरी रस्त्यावरचे सायकलवाले. रविवारी पहाटे पणजीहून निघायचं, फोंड्यात चहा घ्यायचा, अंगात बळ असलं तर अनमोडचा घाट चढून यायचा, असा आमचा कित्येक वर्षांचा नेम. घाट चढणारे म्हणून ओळखीच्यांत थोडाफार दबदबाही होता. त्या भरात आम्ही तीन दिवसांच्या, जोडीने करायच्या एका माउंटन बाईक शर्यतीत नाव घातलं.

अशा शर्यतींतली नावाजलेली म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक. 2004 साली सुरू झाली. आठ दिवस, सहा-सातशे किलोमीटर, सगळा मातीचा आणि दगडांचा रस्ता. दोघांची एक जोडी, आणि नियम असा की दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडता कामा नये. पडलं तर दंड. वेळ धरतात तीही मागून येणाऱ्याची. आमच्या शर्यतीलाही हाच नियम होता. वाचला तेव्हा हसू आलं. दोन मिनिटं म्हणजे काय मोठंसं!

डांबरावर मागचा गडी पुढच्याच्या चाकाला चिकटून चालतो. पुढचा वारा कापतो, मागच्याचे कष्ट वाचतात. रानातल्या पायवाटेवर वेगच इतका कमी की ती सोय उरत नाही. ज्याचा त्याने आपला भार ओढायचा. रस्त्याच्या टायरमध्ये शंभर पौंड हवा भरणारे आम्ही, इथे पंचवीस-तीस पौंडांवर चालवताना पहिल्याच दिवशी भांबावलो. 2011 साली तूर द फ्रान्स जिंकणारा कॅडल एव्हन्स 2017 मध्ये जॉर्ज हिंकॅपीबरोबर केप एपिकला उतरला होता, हे आम्ही एकमेकांना अभिमानाने सांगत असू. पण एव्हन्स मुळात माउंटन बाईकवरच वाढलेला, तिथून तो रस्त्यावर गेला. आमची वरात उलटी.

मित्र पंधरा दिवसांपूर्वीच तापातून उठला होता. मला ते माहीत होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चढावर मी पुढे जायचो, वर थांबायचो, आणि तो धापा टाकत पोचला की लगेच निघायचो. म्हणजे विश्रांती मला, त्याला नाही! तिसऱ्या की चौथ्या चढावर, चार लोकांसमोर, मी बोलून गेलो, "जमत नव्हतं तर यायचंच कशाला?" तो काही बोलला नाही. सायकलवरून उतरला आणि चालायला लागला. जोडी बाद झाली. परतीच्या प्रवासात आम्ही पाण्याची बाटलीसुद्धा न बोलता एकमेकांना दिली. नंतर आठ महिने रविवार सुने गेले.

मग श्रावणात त्याचाच फोन. "देवासला मावशीकडे चाललोय. सायकल घे, मांडूपर्यंत जाऊन येऊ." सायकली रेल्वेच्या पार्सल डब्यात टाकून आम्ही इंदूर गाठलं.

मावशीचं घराणं पिढ्यानपिढ्या देवासचं. मराठी अस्सल, पण वाक्याचा शेवट माळव्याच्या हेलात. ताटात पोहे वाढता वाढता म्हणाल्या, "भांडलात म्हणे? अरे, आमच्या गावाला तर राजेच दोन होते."

ते खरंच. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या भावांना मिळून 1728 साली देवास मिळालं. आधी कारभार एकत्र, पुढे मुलूख वाटला गेला. थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच शहरात दोन राजे, दोन दरबार, ते थेट 1948 च्या विलीनीकरणापर्यंत. थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खाजगी चिटणीस होता; त्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक 1953 साली आलं. टेकडीवर देवीसुद्धा दोन, बडी माता आणि छोटी माता. तुळजाभवानी आणि चामुंडा. "एकीला भेटून दुसरीला टाळून उतरायचं नाही," मावशींनी बजावलं.

त्या टेकडीच्या पायथ्याशीच कुमार गंधर्वांचं घर. क्षयाने ग्रासलेले कुमारजी 1948 मध्ये इथल्या कोरड्या हवेसाठी आले. काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस निकामी. पुढे ते गायले ते उरलेल्या श्वासाचा अंदाज घेऊन. फाटकासमोर उभा राहिलो तेव्हा मला चढावर धापा टाकणारा मित्र आठवला. त्याच्या श्वासाचा अंदाज मी एकदाही घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इंदूरमार्गे धार, सुमारे शंभर किलोमीटर. भोजराजाचं आणि नंतर पवारांचं हे धार. दुसरा बाजीराव जन्मला तो इथल्याच किल्ल्यात. मुक्काम करून सकाळी मांडूकडे निघालो, आणि हौसेने शेतातली कच्ची वाट धरली. रात्री पाऊस झालेला. माळव्याची काळी माती ओली झाली की काय होते ते डांबरवाल्याला सांगून कळायचं नाही. टायरला चिकटते, फ्रेममध्ये भरते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. माझं थांबलं. काटकीने उकरत बसलो. मित्र बराच पुढे गेला होता. तो वळला, सायकल आडवी टाकली आणि दुसरी काटकी घेऊन समोर बसला.

"त्या दिवशी चुकलंच माझं," मी मातीकडे बघत म्हटलं.

"सवकास रे. मांडू अजून पयस आसा," तो म्हणाला, आणि चेनमधली माती काढत राहिला.

काकडा खोहची दरी ढगांनी भरली होती. वाटेवर गोरखचिंचा विकायला बसलेल्या बाईकडून आम्ही एक घेतली आणि दगडावर फोडून खाल्ली. आंबट, पिठूळ. चिखलाचे हात तसेच.

जोडीच्या शर्यतीतले मुरलेले लोक चढावर दमलेल्याला पुढे ठेवतात, म्हणजे चाल त्याची राहते आणि दोघांतलं अंतर वाढत नाही. हे मी शर्यतीपूर्वीही वाचलं होतं. हल्ली रविवारी अनमोडला आम्ही तसं करतो. कधी तो पुढे असतो, कधी मी. गेल्या महिन्यात तीन वेळा मीच पुढे होतो.