पहिलीतच राहू दे

गुंद, ता. जोयडा, कर्नाटक

ती. ताईस,


तुझं पत्र मिळालं. ‘पोरगी वाचते, शंभरपर्यंत मोजते, मग पहिलीत कशाला कुजवतेस? थेट दुसरीत घाल,’ असं लिहिलंस. रागावू नकोस, पण तिला मी पहिलीतच ठेवणार आहे.

ती वाचते ते मराठी, शाळा कन्नड. तिच्या बरोबरीची कुणब्यांची मुलं घरी कोकणी बोलतात. वर्गात पाऊल टाकलं की कानावर कन्नड, शिवाय इंग्रजी पहिलीपासूनच. २०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी आणली, तेव्हा तुम्ही तिकडे केवढं रान उठवलंत! जून संपता संपता निर्णय मागे घ्यावा लागला. एवढ्याशा जिवावर तिसरी भाषा नको, हे तुमचं म्हणणं मला पटलं होतं. आमच्या पोरांवर ते ओझं केव्हाचंच आहे. प्रश्नच कळला नाही की मूल गप्प बसतं, आणि मोठी माणसं म्हणतात, ‘अभ्यासात कच्चं आहे.’

वयाचीही अशीच घाई. कर्नाटकात पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. पालकांनी ‘वर्ष वाया जातं’ म्हणून धोशा लावला, तेव्हा २०२५-२६ पुरती यूकेजी झालेल्यांना पाच वर्षं पाच महिन्यांवर सूट मिळाली. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात. त्यांचं काही अडलेलं नाही.

आमच्याकडे सरकारी शाळांत पहिली ते तिसरी ‘नली-कली’ चालते. मुलं गटागटाने खाली बसून कार्डं लावतात, वह्या फारशा भरत नाहीत, म्हणून इथलेही पालक कुरकुरतात. ऋषी व्हॅली शाळेचं काम पाहून १९९५ साली म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ही पद्धत सुरू झाली. तिन्ही इयत्ता एकत्र बसतात आणि ज्याने त्याने आपल्या गतीने शिकण्याची शिडी चढायची. म्हणजे चलाख मुलाला पुढे जायला वर्ग बदलावा लागू नये. पण एका शिक्षकाने तीन इयत्ता सांभाळायच्या म्हटल्यावर जिचं काम आधी उरकतं, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. तुझी काळजी खोटी नाही, हे मला मान्य आहे.

म्हणून घरी सोललेल्या सुपाऱ्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावते. ‘तीन ढिगांतून सात सुपाऱ्या काढल्या, किती उरल्या?’ शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी तुझी भाची इथे अडली. तिला अंकांची नावं पाठ होती, दशक कळलं नव्हतं. तशीच दुसरीत गेली असती तर हातच्याची वजाबाकी नुसती घोकली असती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांना बिया, पानं, शिंपले घेऊनच शिकवलं होतं. मी काही नवं करत नाही. आता ती न मोजता तेवीस सांगते आणि मलाच उलटी कोडी घालते. तिच्या डोक्याला खाद्य हवं, ते असं पहिलीत बसूनही मिळतं.

दिवाळीत येशील तेव्हा सुलेखनाच्या वह्या आणू नकोस. मोठ्या अक्षरांची, चित्रांची, गोष्टींची पुस्तकं आण, आणि वाडीतल्या सगळ्या पोरांना पुरतील एवढी आण. भाचीला भेटलीस की ‘कितवीत गेलीस?’ विचारू नकोस. ‘कुठलं कोडं अजून सुटलं नाही?’ असं विचार.

तुझी,
धाकटी