भिशीच्या पैशांतला कॉम्प्युटर

आपाची भिशी लागली. पैसे माझ्या हातात देत ती म्हणाली, "पोरीला घरी कॉम्प्युटर घेऊन दे." भाची तोवर मोबाइलवरच कोड लिहायची. भिशीचे ५ हप्ते अजून भरायचे होते, म्हणून एकेक रुपया जपायचा होता.

आम्ही मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. पहिल्याच दुकानदाराने महागडं ग्राफिक्स कार्ड पुढे केलं. भाचीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "शिकताना कोड लिहायला हे लागत नाही."

रायझन ५ ५६००जी घेतला. ६ कोअर, ग्राफिक्स त्यातच. वाचलेले पैसे मेमरीत घातले. ८ जीबीच्या दोन रॅम घेतल्या, कारण जोडीने लावल्या की ग्राफिक्सलाही वेग येतो. शिवाय ५०० जीबीची एसएसडी. पॉवर सप्लाय मात्र चांगलाच घेतला. तिथे कंजुषी केली तर बाकीचे भागही जळू शकतात. मॉनिटर जुना, उबुंटू फुकट.

उरलेले पैसे भाचीने आपाला परत दिले. "अम्मी, एक हप्ता निघेल."

कार्ड काय, पुढेही बसवता येईल. मदरबोर्डवर जागा आहे.