आबांचा चाकू आणि लखनौचा विमानतळ

आबा मागच्या मे महिन्यात आमच्याकडे लखनौला आले ते रेल्वेनं. चारबाग स्टेशनवर त्यांना उतरवून घ्यायला गेलो, तर डब्यातलं एक अख्खं कुटुंब दारात उभं राहून त्यांना निरोप देत होतं. पुण्यापासूनच्या प्रवासात आबांनी त्या मंडळींना काकड्या, कांदे आणि कैऱ्या कापून घातल्या होत्या. "बाबाजी का चाकू बहुत तेज है," त्यांच्यातल्या लहान मुलानं मला कौतुकानं सांगितलं. मी हसलो. खरं तर तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

आधी चाकूबद्दल. घडीचा आहे, शिंगाच्या मुठीचा, पातं माझ्या बोटाएवढं, धार लावून लावून मधे झिजलेलं. आबा १९७२ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि ट्रेनिंग संपल्यावर तिथल्याच बाजारात त्यांनी तो घेतला. पुढची अठ्ठावीस वर्षं तो त्यांच्याबरोबर फिरला, श्रीलंकेलाही जाऊन आला. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आबा साताऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले. वर्दी ट्रंकेत गेली, चाकू खिशात राहिला. तो खिसाही साधा नाही. पँटच्या कमरपट्ट्याच्या आत आईनं शिवलेला चोरखिसा. आई जाऊन सहा वर्षं झाली. अजूनही नवी पँट शिवली की आबा गावच्या शिंप्याला जुनी दाखवून तो खिसा तसाच्या तसा करून घेतात.

१९९७ साली मी खडकवासल्याला एनडीएत निघालो, तेव्हा वाटलं होतं की आता हा चाकू मला मिळणार. आबा म्हणाले, "तुला सरकार दील की." सरकारनं बरंच काही दिलं, चाकू मात्र मी स्वतःच घेतला, तो लाल स्विस. (त्याचीही गंमतच आहे. कार्ल एल्सनरनं १८९७ साली तो अधिकाऱ्यांचा चाकू म्हणून नोंदवला, पण स्विस सैन्यानं अधिकाऱ्यांना तो दिला नाही. हौस असेल त्यानं पदरमोड करून घ्यावा. आमच्या मेसच्या बिलांसारखंच.) असे दोन चाकू मी विमानतळांवरच्या पेट्यांत टाकून आलोय. वाईट वाटलं ते किमतीपुरतं.

छावणीतलं क्वार्टर मिळायला वेळ होता म्हणून आम्ही विकास नगरमध्ये भाड्यानं राहत होतो. शहराच्या उत्तरेकडची वस्ती, कुर्सी रोडच्या बाजूची. लागून लागून घरं, प्रत्येकाच्या खिडकीत घरघरणारा कूलर आणि संध्याकाळी सगळं आयुष्य गच्चीवर. आठवड्याभरात आबांचा जम बसला. सकाळी ई-रिक्षानं टेढी पुलियाला भाजीला जायचं, संध्याकाळी घरमालकांबरोबर गच्चीवर बसायचं. जून लागला, मलिहाबादचा दशहरी आला. इथले लोक तो बादलीत भिजवून चोखून खातात. आबा एकसंध साल काढून फोडी करायचे. घरमालकांना तो आंब्याचा अपमान वाटे. चाकू मात्र त्यांना आवडला होता. "हमारे यहाँ तो रामपुरी होता है," म्हणत ते जुन्या सिनेमांतले खलनायक उठून करून दाखवायचे. रामपूर याच राज्यातलं. ज्या खटक्याच्या चाकूनं त्या गावाला बदनाम केलं, त्याचाच वीस फुटी पुतळा, हो, पुतळाच म्हणायचा, २०२३ साली तिथल्या चौकात उभारला गेला. चौकाचं नाव चाकू चौक.

एका रविवारी आबांना रेसिडेन्सी दाखवायचं ठरलं. मुन्शी पुलियाचं मेट्रो स्टेशन घरापासून जवळ. निघताना मी म्हटलं, "आबा, चाकू घरी ठेवा. मेट्रोत चालत नाही."

त्यांनी चपला काढल्या आणि परत खुर्चीत बसले. "मग मेट्रोत मी बी चालत न्हाई."

गाडी काढली.

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "कायदा काय म्हनतो?" अस्सल सुभेदाराचा प्रश्न. मी शोधून वाचून दाखवलं. कायदा आबांच्या बाजूचा निघाला. १९५९ चा शस्त्र अधिनियम निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूला शस्त्र मानतच नाही. नियमांच्या परिशिष्टात तलवारी, संगिनी, भाले यांच्या रांगेत सुरे येतात, पण ते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे. तिथेही घरच्या, शेतीच्या, कारखान्याच्या कामाची हत्यारं वगळली आहेत. दिल्लीत खटक्याच्या चाकूंसाठी १९८० ची वेगळी अधिसूचना आहे. तिचं माप ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीपासून सुरू होतं. आबांच्या चाकूला खटका नाहीच, तो नखानं उघडावा लागतो. आणि आपल्याकडे सणासुदीला, निवडणुकीच्या तोंडावर पेपरात येणारी मनाई आदेशाची बातमी आठवत असेलच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ३७(१). शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या बाळगण्यास बंदी. अक्षरशः वाचायची म्हटली तर आमच्या गावच्या पारावरची सगळी काठी टेकणारी मंडळी आत जातील.

आबांनी सूनबाईंकडून टेप मागवून पातं मोजलं. साडेतीन इंच. "लीगल हाय," म्हणाले आणि समाधानानं ताक प्यायले.

जूनच्या अखेरीस परत जायची वेळ आली. जिना उतरताना आबांचा गुडघा दुखावला होता, म्हणून मी रजा टाकून त्यांना विमानानं पुण्याला न्यायचं ठरवलं. त्यांचा पहिला नागरी विमानप्रवास. निघताना मी विचारलं, "खिशात धातूचं काही नाही ना?" म्हणाले, "काय न्हाई." ते खोटं बोलत नव्हते. आपण आपल्या अंगावरचा चष्मा कुठे मोजतो?

घरमालकांनी अमौसीपर्यंत सोडलं, दशहरीची एक पेटीही दिली. पेटी आणि बॅगा काउंटरवर गेल्या. मग सुरक्षा तपासणी. आबांच्या कमरेशी जवानाचं यंत्र वाजलं.

"बाबा, यह अंदर क्या है?"

आबांनी चोरखिशातून चाकू काढला आणि, देवा, नीट दिसावा म्हणून उघडून दाखवला. "चाकू है. फल काटने का."

तो जवान पंचविशीचा असेल. एक पाऊल मागे सरकला, तळहात पुढे केला आणि आवाज न चढवता म्हणाला, "बंद कीजिए, बाबा." माझ्यातल्या अधिकाऱ्यानं त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. माझ्यातला मुलगा मात्र आबांकडे बघत होता आणि आबा माझ्याकडे.

ती नजर मला कळली. आता कर्नलसाहेबांनी ओळखपत्र काढावं. मी काढलं नाही. तपासणीतून ज्यांना सूट आहे त्यांची एक यादी असते, तिच्यात तिन्ही दलांचे प्रमुख आहेत. कर्नल नाही, आणि कर्नलचे वडील तर नाहीतच. मी गप्प राहिलो तेव्हा आबांनीच रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "मेरा बेटा कर्नल है."

तेवढ्यात तिथली सब-इन्स्पेक्टर आली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "जय हिंद, सर. चाकू नहीं जाएगा."

"नौ इंच से कम है," आबा म्हणाले. "कानून में लिखा है."

"वह बाहर का कानून है, बाबूजी. यहाँ अंदर का चलता है."

याहून सोप्या शब्दांत मला सांगता आलं नसतं. बाहेरचा कायदा विचारतो की वस्तू कशासाठी आहे. दारावरचा माणूस ते विचारू शकत नाही, कारण उत्तर खरं की खोटं हे तपासायला त्याच्याकडे अर्धं मिनिट असतं. अंदरचे नियमही सगळीकडे एकसारखे नाहीत. युरोपात सहा सेंटिमीटरच्या आतलं पातं विमानात चालतं. अमेरिकेनं २०१३ च्या मार्चमध्ये तशीच सवलत जाहीर केली आणि ओरड झाल्यावर जूनमध्ये गुंडाळली. आपल्याकडे देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण नेता येतं. २०२२ च्या आदेशानुसार पातं सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. त्यामागे राज्यघटनेतल्या पंचविसाव्या कलमाचा आधार आहे. आबांच्या चाकूमागे फक्त आबा होते.

आणि याच लखनौहून २० डिसेंबर १९७८ ला दिल्लीकडे निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पांडे नावाच्या दोघांनी पळवून वाराणसीला नेलं होतं, ते खेळण्यातली पिस्तुलं आणि एक क्रिकेटचा चेंडू दाखवून. (पुढे दोघेही आमदार झाले, तो विषय वेगळा.) १९९९ च्या डिसेंबरात कंदाहारला नेलेल्या विमानात रुपिन कट्याल यांचा जीव गेला तो सुऱ्याच्या वारांनी. त्यानंतरच, २००० साली, जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे आली. त्या पंचविशीच्या जवानानं एक पाऊल मागे घेतलं त्यात हे सगळं होतं.

सब-इन्स्पेक्टरनं दोन मार्ग सांगितले. पेटीत टाका, नाहीतर वेळ आहे तोवर काउंटरवर जाऊन सामानात पाठवा. आमच्या बॅगा तर गेलेल्या. तरी मी परत निघालो. चाकू जवानाच्या हातात, मी त्याच्या मागे. आबा बाकावर बसून राहिले, कमरपट्टा सैल, बूट हातात.

काउंटरवरची मुलगी रिकामं खोकं शोधायला आत गेली आणि मी तिथं उभा राहिलो. तेव्हा मला तो दुसरा चाकू आठवला.

२००९ चा वसंत, दक्षिण काश्मीर. मी राष्ट्रीय रायफल्समध्ये मेजर होतो. एक खबर होती म्हणून रस्त्यावर माझा नाका लागला होता. सफरचंदाच्या बागांत कलमं बांधायचे दिवस. एका म्हाताऱ्याच्या फिरनच्या आत कलमाचा चाकू सापडला, बाकदार पात्याचा, लाकडी मूठ काळी पडलेली. "साहब, यह काम का है," एवढंच तो म्हणाला. मला ते दिसतही होतं. पण त्या दिवशी हुकूम होता, धारदार काही पुढे जाऊ द्यायचं नाही. मी म्हणालो, "शाम को ले जाना," आणि मनापासून म्हणालो. चाकू एका रिकाम्या पेटीत ठेवला. दुपारी नाका उठवून आम्हाला दुसरीकडे हलवलं. तीन दिवसांनी मला आठवण झाली. पेटी सापडली, चाकू नव्हता. त्या रस्त्यानं मी नंतर कितीतरी वेळा गेलो. उतरून कधी चौकशी केली नाही. तो म्हातारा संध्याकाळी त्या वळणावर येऊन उभा राहिला असेल का, हा विचारही मी सोळा वर्षं नीट केला नव्हता.

मुलगी खोकं घेऊन आली, बुटांचं असावं. आत कागदाचे बोळे, मधोमध चाकू, वरून टेप. तिनं नाव विचारलं, मी आबांचं सांगितलं. पट्टी चिकटली आणि खोकं एकटंच सरकपट्ट्यावरून आत गेलं.

विमान वर गेल्यावर मी आबांना ही काश्मीरची गोष्ट सांगितली. घरात कुणालाच सांगितली नव्हती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं,

"नाव काय हुतं त्याचं?"

"विचारलं नाही."

"आरं, नाक्यावर वही आसती. वस्तू काढून घेतली की नाव लिवून घेत्यात." मग थोडं थांबून, "मी गार्ड कमांडर आसताना काडीपेटीची बी नोंद ठेवलीया."

मी काही बोललो नाही. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं ते पुणे येईपर्यंत. खाली ढग होते, बघण्यासारखं काही नव्हतं.

लोहगावला सामानाच्या पट्ट्यावर आधी आंब्याची पेटी आली, मग बॅगा. लोक पांगले. पट्टा रिकामा फिरत राहिला. आबा गुडघ्यावर हात ठेवून उभेच. मी बसा म्हटलं तर ऐकेनात. बऱ्याच वेळानं रबराच्या झालरीतून ते खोकं आलं, एका कडेला कलंडलेलं.

आबांनी ते उचललं. टेप फाडायला नखं पुरेनात, तेव्हा मी किल्लीनं फाडून दिली. आत हात घालून त्यांनी चाकू चाचपला, उघडला नाही, तसाच चोरखिशात घातला. मग चष्मा लावून खोक्यावरच्या पट्टीवरचं स्वतःचं नाव वाचलं. दोनदा वाचलं. पट्टी हलक्या हातानं सोलली, तिची घडी केली आणि माझ्या शर्टाच्या खिशात सरकवली.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," म्हणाले, आणि वाकून आंब्याच्या पेटीला हात घातला.