आंबा घाटाची चढण

कोल्हापूरहून रत्नागिरीस जाताना आंबा घाट केवळ उतरायचा असतो. कसोटी लागते ती परतीच्या चढणीत. साखरपा मागे पडला की वळणामागून वळण येते, वेग मंदावतो, रेडिएटरला वारा पुरत नाही आणि जुन्या गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकू लागतो.

आमची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. गतवर्षी याच चढणीवर तिने वाफ सोडली. सोबत ऐंशीच्या घरातील मातोश्री होत्या. त्यांना यंदाही माहेरी जायचे होते. म्हणून अंगणातच काम काढले.

इंजिन पुरते निवल्यावाचून रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी थेट तोंडावर उसळते. खालचा नळ सोडताच तांबूस गंज वाहिला. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत साचले होते. निवळ पाणी येईतो ते धुतले. मग थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात तापवला. पाण्याला उकळी फुटली, तरी झडप मिटलेलीच! पुष्कळ कारागीर तो काढूनच टाकतात. पण मग इंजिन थंडच राहते आणि पेट्रोल जास्त खाते. आम्ही नवा बसवला, भेगाळलेला होजही बदलला.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरले. कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात. सांडलेला थेंबन् थेंब पुसून घेतला.

रत्नागिरीआधी गाडी पन्हाळ्यावर चढवून पाहिली. काटा मध्यावरच राहिला. मातोश्रींनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.